मॅक्रो काढू की ठेवू?

मागच्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) प्रीप्रोसेसरला, म्हणजे कंपायलरच्या आधी मजकुराची अदलाबदल करणाऱ्या टप्प्याला, जितकं कमी काम द्याल तितकं बरं. त्या एका वाक्यावर बाकी सगळ्या उत्तरांपेक्षा जास्त पत्रं आली. काही शाबासकीची, बरीचशी भांडणाची. म्हणून या वेळचं सदर मॅक्रो आणि इनलाइन फंक्शन यांनाच दिलं आहे. मॅक्रो म्हणजे नावाच्या जागी प्रीप्रोसेसरने छापायचा मजकूर; इनलाइन फंक्शन म्हणजे बोलावल्या जागीच कंपायलरने विरघळवायचं खरं फंक्शन. सदरात कोड छापायचा नाही ही संपादकांची अट कायम आहे, तेव्हा जे आहे ते बोलून सांगते. नावं देवनागरीत आहेत. मोठ्याने वाचलीत की ओळखू येतील.

प्रश्न: मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नलच्या स्टेजिंग विभागातल्या (अजून कच्च्या कोडच्या विभागातल्या) एका ड्रायव्हरमध्ये 'टू_अमुक_डेव्ह' अशा नावाचे मॅक्रो आहेत. आत फक्त कंटेनर_ऑफ आहे. त्यांच्या जागी स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहून पॅच (बदलाचा प्रस्ताव) पाठव, असं एक सीनियर सांगतो. पण मशिन कोड तर तोच राहणार ना? मग हा खटाटोप कशासाठी? आणि वेग कमी झाला तर?
– विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: मशिन कोड तोच राहील. राहायलाच हवा, वेगळा निघाला तर पॅच पाठवायच्या आधी का ते शोधा. कर्नल नेहमी ऑप्टिमायझेशन चालू ठेवूनच बांधतात, त्यामुळे एका ओळीचं स्टॅटिक इनलाइन फंक्शन जिथे बोलावलं तिथेच विरघळतं. वेगाची काळजी सोडा.

बाकीच्या वाचकांसाठी थोडं मागे जाते. ड्रायव्हर आपल्या स्वतःच्या स्ट्रक्चरच्या पोटात एक 'स्ट्रक्ट डिव्हाइस' ठेवतो. कर्नलचा ड्रायव्हर कोअर आपल्याला परत देतो तो या आतल्या डिव्हाइसचा पॉइंटर. बाहेरच्या स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासून तो मेंबर जितक्या बाइट अंतरावर असेल तितके बाइट त्या पॉइंटरमधून वजा केले की बाहेरच्या स्ट्रक्चरचा पत्ता मिळतो. ही वजाबाकी म्हणजे कंटेनर_ऑफ. दर वेळी तीन आर्ग्युमेंटं लिहायचा कंटाळा येतो, म्हणून लोक त्याच्यावर छोटा मॅक्रो बांधतात.

आता तो मॅक्रो पहिल्यांदाच वाचतोय असं समजून वाचा. पॅरामीटरचं नाव 'डी'. कसला डी? डिव्हाइस, ड्रायव्हर की डेटा? व्याख्येत कुठेच लिहिलेलं नाही. स्ट्रक्चर उघडायचं, मेंबर शोधायचा, त्याचा टाइप बघायचा, मग कळतं. फंक्शन असेल तर आत काय जातं आणि बाहेर काय येतं हे पहिल्याच ओळीत लिहावं लागतं. चुकीचा पॉइंटर दिला तर कंटेनर_ऑफलाही कळतं, त्याच्या आत टाइपची तपासणी आहे. पण तक्रार येते ती मॅक्रोच्या पोटातून, उलगडत उलगडत, आणि नवख्या माणसाला वाटतं की कर्नलचं हेडरच बिघडलंय. फंक्शनच्या बाबतीत कंपायलर सरळ तुमच्या ओळीवर बोट ठेवतो. व्हॉइड पॉइंटर मात्र दोन्हीकडे बिनबोभाट शिरतो. त्याला इलाज नाही.

याहून मला जास्त खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. तुमच्या ड्रायव्हरमधल्या मॅक्रोंत पॅरामीटरचं नाव आणि मेंबरचं नाव एकच आहे का बघा. दोन्ही 'डेव्ह' असतील तर गंमत होते. प्रीप्रोसेसर हा लग्नपत्रिका छापणाऱ्यासारखा: दिलेलं नाव दिसेल तिथे घालतो, नातं बघत नाही. त्यामुळे तुम्ही 'पीडेव्ह' नावाचं व्हेरिएबल दिलंत, तर मेंबरच्या जागीही 'पीडेव्ह' छापलं जातं आणि कंपायलर म्हणतो, असा मेंबरच नाही. पण ड्रायव्हरभर प्रत्येकाने आपल्या व्हेरिएबलचं नाव योगायोगाने 'डेव्ह' ठेवलेलं असेल तर सगळं सुरळीत चालतं, वर्षानुवर्षं. मग एके दिवशी कोणीतरी दुसऱ्या नावाने बोलावतो आणि दुपार वाया घालवतो. असले मॅक्रो सापडले तर पॅचमध्ये पहिलं कारण हेच लिहा.

कारणांवरून आठवलं. 'मॅक्रोत आर्ग्युमेंट दोनदा मोजलं जातं' (म्हणजे त्याची किंमत दोनदा काढली जाते) हे कारण पुस्तकातून उचलून या पॅचच्या कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबतच्या टिपणात, लिहू नका. कंटेनर_ऑफमध्ये पॉइंटर एकदाच मोजला जातो. टाइप तपासणारा भाग फक्त टाइप विचारतो, किंमत काढत नाही. न झालेला आजार बरा केल्याचं मेसेजमध्ये लिहिलेलं असलं की मेन्टेनरचा (तो विभाग सांभाळणाऱ्याचा) बाकीच्या पॅचवरचाही विश्वास उडतो. 'क्लीनअप' हा एकच शब्द लिहिलेले पॅच तर मी स्वतः उघडतही नाही.

पाठवायच्या आधी बदलापूर्वीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल ऑब्जडंपने उलगडून दोन्हींतल्या सूचना ताडून बघा. अख्खी फाइल बाइटला बाइट ताडू नका. डीबग माहिती वेगळी निघणारच, कारण आता तिथे एक खरंखुरं फंक्शन आहे. ती माहिती उपयोगाचीही असते. कर्नल कोसळला की स्क्रिप्ट्स-मधलं 'एफॲडर२लाइन' इनलाइन झालेल्या फंक्शनचंही नाव आणि ओळ सांगतं. मॅक्रोचं नाव तिथे येत नाही.

एका ठिकाणी अडकाल. मॅक्रोचा मजकूर वापरण्याच्या ठिकाणी तपासला जातो, फंक्शनचा मजकूर लिहिल्या जागी. मॅक्रो हेडरमध्ये स्ट्रक्चरच्या व्याख्येच्या वर असला तरी चालून जातो. फंक्शन तिथे ठेवलंत तर कंपायलर 'हे स्ट्रक्चर मला अजून माहीत नाही' म्हणेल. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ते खाली सरकवलं की झालं. पण कर्नलच्या मुख्य हेडरांमध्ये अ-ला ब हवं आणि ब-ला अ हवं अशी वेटोळी आहेत, आणि तिथले कित्येक मॅक्रो केवळ त्यामुळे मॅक्रो राहिले आहेत. पहिल्याच पॅचमध्ये त्या वेटोळ्यात हात घालू नका.

आउटरीचीसारख्या, नवख्यांना ओपन सोर्समध्ये आणणाऱ्या उपक्रमांतून येणारी नवी मंडळी याच कामाने सुरुवात करतात. काम छोटं आहे, हलकं नाही.

प्रश्न: कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच लिहिलंय की फंक्शनसारख्या दिसणाऱ्या मॅक्रोपेक्षा इनलाइन फंक्शन बरं. मग स्वतः कर्नलचे मिन आणि मॅक्स (दोन आकड्यांतला लहान आणि मोठा देणारे) अजून मॅक्रो का? दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान!
– एम्बेडेड इंजिनियर, चिंचवड

उत्तर: टोमणा पोचला. पण मिनचं फंक्शन लिहायला बसा. आर्ग्युमेंटचा टाइप काय लिहाल? इंट लिहिलात तर ६४ बिटांचा आकडा कापला जाईल. अनसाइन्ड लाँग लिहिलात तर उणे १ हा प्रचंड मोठा धन आकडा होऊन आत येईल आणि कोणी चकार शब्द काढणार नाही, कारण फंक्शनला आर्ग्युमेंट देताना सी भाषा मुकाट्याने टाइप बदलते. प्रत्येक टाइपचं वेगळं फंक्शन लिहायचं तर नावांची जत्रा होईल. शिवाय मिन-मॅक्सचं उत्तर लोकांना ॲरेचा आकार म्हणून हवं असतं, आणि फंक्शनचं उत्तर सीच्या लेखी स्थिरांक ठरत नाही, ते कितीही इनलाइन असो.

म्हणून हा मॅक्रो राहिला, आणि त्याने कर्नलवाल्यांना चांगलंच नाचवलं. २००१ साली २.४.९ या आवृत्तीत लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने मिनला टाइप हे पहिलं आर्ग्युमेंट सक्तीचं केलं. केवढा गदारोळ झाला! मग दोन आर्ग्युमेंटांचा, पण दोन्हींचे टाइप जुळतात का हे तपासणारा मिन आला, आणि टाइप मुद्दाम सांगायचा असेल तर मिन_टी. २०१८ मध्ये चल-लांबीचे ॲरे कर्नलमधून हद्दपार करायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की काही ॲरेंचा आकार मॅक्सने ठरतो आणि तपासणीवाल्या मॅक्सचं उत्तर स्थिरांक धरलं जात नाही. मग एखादी राशी स्थिरांक आहे की नाही हे ओळखणारी, वाचून डोकं गरगरेल अशी एक युक्ती त्यात घुसली. पुढे धन-ऋणाच्या तपासण्या वाढल्या. प्रत्येक तपासणीसाठी आर्ग्युमेंटचा मजकूर आणखी एकदा-दोनदा लिहिला गेला.

एका मिनमध्ये हे खपतं. मिनच्या पोटात मिन आणि त्याच्याही पोटात मिन असेल तर गुणाकार होतो. २०२४ च्या जुलैमध्ये बिल्डला इतका वेळ का लागतो हे शोधताना कर्नल डेव्हलपर अर्न्ड बर्गमन यांना एक्स८६ प्रोसेसरच्या कोडमधल्या झेन (व्हर्च्युअल मशिनच्या) विभागातल्या सेटअप फाइलमध्ये एक ओळ सापडली. प्रीप्रोसेसरमधून बाहेर पडताना तिचे ४७ मेगाबाइट झाले होते. एका ओळीचे! त्यानंतर लिनसने हे मॅक्रो साधे केले, आणि निव्वळ स्थिरांकांसाठी कॅपिटल अक्षरांतले वेगळे मिन-मॅक्स दिले.

आता तुमच्या ड्रायव्हरकडे या. घरगुती मिन बनवून त्यात आर्ग्युमेंट सरळ दोनदा लिहिलंत तर काय होतं ते एम्बेडेडवाल्याला वेगळं सांगायला नको. वाचलं की साफ होणारं इंटरप्ट स्टेटस रजिस्टर त्या मॅक्रोला द्या. तुलनेसाठी एकदा वाचलं जाईल, उत्तरासाठी पुन्हा, आणि दुसऱ्या खेपेला हाती शून्य. कर्नलचा मिन दोन्ही किमती आधी तात्पुरत्या व्हेरिएबलमध्ये घेतो, तोही प्रत्येक वापरात वेगळ्या नावाच्या, म्हणून तो बचावतो. तुमच्या मॅक्रोला कायम ३२ बिटांचे रजिस्टरचे आकडेच मिळत असतील तर त्याचं फंक्शन करा आणि टाइप यू३२ लिहा. तिथे एका टाइपचंच राज्य आहे, मग मॅक्रोचा पसारा कशाला?

प्रश्न: आमच्या ड्रायव्हरमध्ये लॉक तयार करून त्याची थोडी नोंद ठेवणारा मॅक्रो होता. मी त्याचं स्टॅटिक इनलाइन फंक्शन केलं. आत स्पिन_लॉक_इनिटच आहे, एक अक्षर बदललं नाही. आता लॉकडेप (लॉक घेण्यातल्या चुका पकडणारा कर्नलचा तपासनीस) 'पॉसिबल रिकर्सिव्ह लॉकिंग' म्हणून बोंब मारतो. लॉक दोन वेगवेगळे आहेत हो! कोड खरोखर चुकलाय का?
– ड्रायव्हर डेव्हलपर, बेंगळुरू

उत्तर: कोड अडकणार नाही, लॉकडेपची समजूत मात्र तुम्ही बिघडवलीत. या महिन्यातला माझा आवडता प्रश्न, कारण इथे मॅक्रो निव्वळ आळसापोटी लिहिलेला नसतो.

लॉकडेप २००६ साली कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नार यांनी आणला. तो प्रत्येक लॉकवर नजर ठेवत नाही, लॉकच्या 'वर्गावर' ठेवतो. हजारो आयनोड (फाइलींच्या नोंदी) असतील, प्रत्येकात लॉक असेल; त्या सगळ्यांना तो एका वर्गाचे धरतो आणि कुठला वर्ग कुठल्या वर्गानंतर घेतला जातो याची नोंद करतो. वर्ग ठरतो कशावरून? लॉक जिथे तयार केला त्या जागेवरून. लॉकडेप चालू असताना स्पिन_लॉक_इनिट मॅक्रो आपल्या पोटात एक स्टॅटिक 'की' जाहीर करतो. मॅक्रो दोन ठिकाणी लिहिला की मजकूर दोनदा छापला जातो, दोन की तयार होतात, दोन वर्ग होतात.

तुमचा जुना मॅक्रो हा मजकूर जसाच्या तसा पुढे पोचवत होता. फंक्शन केल्यावर स्पिन_लॉक_इनिट एकाच जागी उरलं: तुमच्या फंक्शनच्या आत. फंक्शन कंपायलरने दहा ठिकाणी विरघळवलं तरी त्यातलं स्टॅटिक व्हेरिएबल त्या फाइलपुरतं एकच असतं. म्हणजे तुमचे दोन्ही लॉक एका वर्गाचे झाले. एक धरलेला असताना दुसरा घेतलात की लॉकडेपला दिसतं, या पठ्ठ्याने हातातलाच लॉक पुन्हा मागितला.

बरं, तुमच्या नशिबाने हे बोंब मारून कळलं. उलटंही होतं. दोन लॉक एका वर्गात मिसळले गेले की अहवालांचा गोंधळ वाढतो, कोणीतरी वैतागून लॉकडेपच बंद करतो, आणि मग खरा डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकणं) ग्राहकाच्या यंत्रावर सापडतो.

उपाय दोन. नोंद ठेवण्याचं काम फंक्शनमध्ये न्या आणि स्पिन_लॉक_इनिट बोलावणारा पातळ मॅक्रो बाहेर राहू द्या. कर्नलमध्ये ठिकठिकाणी हीच रचना आहे. किंवा की बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून घ्या आणि लॉकडेप_सेट_क्लासने लावा. मी पहिला निवडते.

या निमित्ताने, मॅक्रो असण्यावाचून गत्यंतर नाही अशी आणखी दोन-तीन नावं लक्षात ठेवा, म्हणजे उत्साहाच्या भरात त्यांना हात लागणार नाही. वेट_इव्हेंटला दिलेली अट तो जाग आली की दर वेळी नव्याने तपासतो. फंक्शनला दिली असती तर ती आत शिरतानाच एकदा मोजली गेली असती आणि तुमची प्रोसेस झोपूनच राहिली असती. वॉर्न_ऑनला स्वतः कुठल्या ओळीवर आहे ते सांगायचं असतं. ॲरे_साइझला खराखुरा ॲरे लागतो, आणि फंक्शनच्या दारात ॲरेचा पॉइंटर होतो. स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह मात्र मला कधीच आवडला नाही. 'फ्लॅग्ज' हे व्हेरिएबल त्याला साधं दिल्यासारखं दिसतं आणि तो त्यात लिहितो. आता इतक्या ठिकाणी पसरलाय की बदलण्याची बातच नको.

प्रश्न: मॅक्रोचं फंक्शन करा असं सगळे सांगतात, पण कोबज_टू_डेव्ह हे चांगलं स्टॅटिक इनलाइन फंक्शन होतं, त्याचा हल्ली मॅक्रो झालाय! टू_पीसीआय_ड्रायव्हरचंही तेच. कर्नलवाल्यांचं मत फिरलं का?
– वाचक, म्युनिक

उत्तर: मत फिरलं नाही, कॉन्स्ट ('यातून बदल करायचा नाही' अशी पॉइंटरच्या टाइपवरची खूण) आडवा आला.

ड्रायव्हर कोअर सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी २०२२ च्या अखेरीपासून ड्रायव्हर कोअरमध्ये कॉन्स्ट पॉइंटर पसरवायला घेतले. ज्या कॉलबॅकला डिव्हाइसमध्ये काही बदलायचंच नाही त्याला कॉन्स्ट पॉइंटरच मिळावा, असा बेत. फंक्शनच्या पहिल्या ओळीत टाइप लिहावा लागतो, हाच फंक्शनचा गुण इथे अडचण झाला. साधा पॉइंटर लिहिला तर कॉन्स्ट देणारा वॉर्निंग खातो. कॉन्स्ट लिहून आत कंटेनर_ऑफ केलं आणि साधा पॉइंटर परत दिला तर कॉन्स्ट गुपचूप गळून पडतो, म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच. जो जसा येईल तसाच परत जावा हे सीमधल्या एका फंक्शनला जमत नाही.

कंटेनर_ऑफ_कॉन्स्ट हा मॅक्रो सी११ या सी भाषेच्या मानकातल्या 'जेनेरिक' या सोयीच्या जोरावर ते जमवतो: कॉन्स्ट दिला तर कॉन्स्ट परत, साधा दिला तर साधा. ही सोय कर्नलमध्ये बिनधास्त वापरता येते, आणि २०२२ मध्ये ५.१८ या आवृत्तीपासून कर्नल जुना सी८९ सोडून सी११ वर आला. २०२४ मध्ये बसच्या मॅच कॉलबॅकला ड्रायव्हरचा पॉइंटर कॉन्स्ट मिळू लागला आणि 'टू_अमुक_ड्रायव्हर' जातीची बरीच फंक्शनं त्या लाटेत मॅक्रो झाली. टू_पीसीआय_ड्रायव्हर त्यातलंच. त्याच्या नव्या रूपात आर्ग्युमेंट दोनदा येतं, एकदा नल आहे का बघायला आणि एकदा कामाला. जुन्या फंक्शनमध्ये ही चिंता नव्हती. म्हणजे एक घेताना दुसरं सोडलं, आणि माझ्या मते हा सौदा ठीक आहे. तिथे कोणी आर्ग्युमेंटमध्ये काउंटर वाढवत बसत नाही.

तुमच्या स्वतःच्या ड्रायव्हरमधला हेल्पर दोन्ही प्रकारच्या पॉइंटरांनी बोलावला जात नसेल तर फंक्शन तसंच राहू द्या.

प्रश्न: बोर्डबरोबर आलेल्या व्हेंडरच्या कोडमध्ये 'चेक' नावाचा मॅक्रो शेकडो ठिकाणी आहे. चूक असेल तर तो छापतो आणि रिटर्न करतो. त्याचं इनलाइन फंक्शन केलं तर रिटर्न चालतच नाही, कोड पुढे धावतो.
– वाचक, ठाणे

उत्तर: चालणार कसं? फंक्शनमधला रिटर्न फंक्शनमधूनच बाहेर पडतो. कोणा व्हेंडरचा ते विचारत नाही. असले 'चेक' मी बऱ्याच जणांचे पाहिले आहेत. वाचणाऱ्याला वाटतं ओळीमागून ओळ चाललीय, आणि मधल्या कुठल्याही ओळीवरून कोड बाहेर उडी मारतो. वर कुठेतरी म्यूटेक्स (एक प्रकारचा लॉक) घेतलेला असतो, तो तसाच राहतो. दुसऱ्या दिवशी यंत्र गोठतं आणि दोष हार्डवेअरवर जातो. कंट्रोल फ्लोवर परिणाम करणारे मॅक्रो टाळा, हे कोडिंग स्टाइलमध्ये अगदी स्पष्ट लिहिलंय.

फंक्शनने फक्त एरर कोड परत द्यावा. 'इफ' आणि 'रिटर्न' बोलावणाऱ्याने उघड लिहावेत. शेकडो ठिकाणी हाताने करावं लागेल, पण करताना प्रत्येक ठिकाणी वर लॉक आहे का बघाल, आणि खरी कमाई तीच. लॉक असेल आणि कर्नल ६.५ किंवा पुढचा असेल तर 'गार्ड' वापरा. ब्लॉकमधून कसेही बाहेर पडलात तरी तो लॉक सोडतो. (गार्ड स्वतः मॅक्रो आहे, हे लिहून येणाऱ्या पत्रांना आधीच उत्तर: हो, आहे.)

प्रश्न: मी तंत्रनिकेतनात सी शिकवतो. 'इनलाइन' म्हणजे कंपायलरला आज्ञा, असं सांगावं की विनंती?
– अध्यापक, रत्नागिरी

उत्तर: विनंती. कर्नलमध्ये मात्र ती बराच काळ आज्ञा होती: हेडरमध्ये 'इनलाइन' या शब्दाचाच मॅक्रो करून त्याचा अर्थ 'ऑलवेज इनलाइन' लावलेला होता. २०२० मध्ये ती सक्ती पूर्ण गेली. ज्या फंक्शनांना आर्ग्युमेंट कंपाइल होतानाच स्थिरांक म्हणून दिसणं आवश्यक आहे, उदाहरणार्थ ज्यांच्या आत तसं असेंब्ली आहे, त्यांच्यावर तेव्हापासून 'ऑलवेज इनलाइन' असं उघड लिहावं लागतं.

विद्यार्थ्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. 'एक्स्टर्न इनलाइन'चा अर्थ जुन्या जीसीसी कंपायलरमध्ये एक आणि सी९९ मध्ये जवळजवळ उलटा आहे. म्हणून हेडरमध्ये 'स्टॅटिक इनलाइन'च लिहावं. आणि कोडिंग स्टाइलमधला ठोकताळा असा की तीनपेक्षा जास्त ओळींच्या फंक्शनला इनलाइन लावू नये. इनलाइनने कोड फुगतो, कॅशमध्ये मावत नाही, आणि डिस्कवरून एक पान आणायची वेळ आली तर सहज ५ मिलिसेकंद जातात, असा हिशेबच तिथे मांडलाय. मॅक्रोचं फंक्शन करताना ते मोठं निघालं तर सरळ साधं फंक्शन करून सी फाइलमध्ये टाकावं. हा पर्याय मुलांना सुचतच नाही.

तुमच्या मुलांना इतिहास आवडत असेल तर १९९१ चा लिनक्स ०.०१ उघडून दाखवा. पोर्टवर लिहिणारा आउटबी तिथे असेंब्लीचा मॅक्रो आहे, आणि स्ट्रिंगच्या हेडरमधली स्ट्रकॉपीसारखी फंक्शनं इनलाइन. दोघं पहिल्या दिवसापासून शेजारी आहेत.

प्रश्न: कॉन्फिगमधला पर्याय बंद असला की आमचा मॅक्रो रिकामा होतो आणि 'व्हेरिएबल वापरलंच नाही' अशी वॉर्निंग येते. व्हॉइडमध्ये कास्ट करून गप्प करू का?
– वाचक, कोल्हापूर

उत्तर: नको. रिकामं स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहा. २०२४ पासून कोडिंग स्टाइलमध्येही तसंच सांगितलंय. वॉर्निंग जाते, आणि पर्याय बंद असतानाही आर्ग्युमेंटांचे टाइप तपासले जातात. फक्त, रिकाम्या मॅक्रोने आर्ग्युमेंट नाहीसंच केलेलं असतं, फंक्शन ते मोजतं. आर्ग्युमेंटमध्ये एखादा फंक्शन कॉल असेल तर तो आता खरोखर होईल. आणि पर्याय बंद असताना जो मेंबर स्ट्रक्चरमध्ये अस्तित्वातच नसतो तो तुम्ही आर्ग्युमेंट म्हणून देत असाल, तर बिल्ड मोडेल. तिथे मेंबर देऊ नका, अख्ख्या स्ट्रक्चरचा पॉइंटर द्या, आणि मेंबर फंक्शनच्या भरलेल्या आवृत्तीत आत काढा.